अर्ध्यावर तुटणारा क्लोन : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. संथ इंटरनेट लाइनवर सबव्हर्जनपेक्षा गिट (दोन्ही कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी साधने) सोयीचे पडते, या माझ्या विधानावर आपण आक्षेप घेतला आहे. गिटचा पहिला क्लोन (प्रकल्पाची सगळ्या इतिहासासह प्रत उतरवणे) मध्येच तुटला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून उतरवावे लागते, सबव्हर्जनचा चेकआउट (फक्त हवी ती आवृत्ती उतरवणे) मात्र थांबला तिथून पुढे नेता येतो, असे आपले म्हणणे आहे. ते बरोबर आहे, आणि हा मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा होता.

256 केबीपीएसच्या लाइनवर 300 एमबीचा इतिहास उतरवायला, एकदाही खंड पडला नाही तरी, सुमारे 2 तास 36 मिनिटे लागतात. 'रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स'चा आकडा 83 टक्क्यांवर थिजावा, खाली 'अर्ली ईओएफ' (माहिती वेळेआधीच संपल्याची सूचना) उमटावे आणि गिटने अर्धवट फोल्डर स्वतःच पुसून टाकावे, हे ज्याने पाहिले आहे त्याला आपला त्रागा समजेल. सर्व्हर पॅक फाइल (इतिहास दाबून बांधलेला गठ्ठा) मागणीनुसार त्याच वेळी तयार करतो आणि पुढच्या खेपेला अगदी तीच फाइल बनेल याची हमी नसते, म्हणून 'इथून पुढचे दे' असे त्याला सांगता येत नाही.

तरीही माझे मूळ मत मी सोडत नाही, कारण लाइन दोन तऱ्हांनी संथ असते. बँडविड्थ कमी असणे वेगळे आणि सर्व्हरपर्यंतच्या प्रत्येक हेलपाट्याला वेळ लागणे वेगळे. भूस्थिर उपग्रहाच्या जोडणीवर एक हेलपाटा साधारण 600 मिलिसेकंदांचा असतो. असे 200 हेलपाटे एकामागून एक झाले, तर बँडविड्थ कितीही असो, 2 मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. सबव्हर्जनचे 'स्टेटस' (कोणत्या फाइली बदलल्या) आणि साधा 'डिफ' (नेमके काय बदलले) स्थानिक प्रतीवर चालतात हे खरे, पण लॉग (बदलांची यादी), ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली) आणि कमिट (बदल नोंदवणे) यांसाठी दर वेळी सर्व्हर गाठावा लागतो. गिटमध्ये ही तिन्ही कामे लाइन बंद असतानाही होतात, आणि ती दिवसातून अनेकदा करायची असतात. क्लोन एकदाच करायचा असतो.

ब्लॉब (फाइलींचा प्रत्यक्ष मजकूर) गाळून क्लोन करण्याचा जो सल्ला मी दिला होता, तो मात्र दुरुस्त करतो. त्यात सुरुवातीचे ओझे हलके होते, पण पुढे ब्लेम चालवले की न आणलेले ब्लॉब सर्व्हरकडून मागवावे लागतात, म्हणजे ज्या सोयीसाठी गिट घेतले तीच हातची जाते.

आपल्यासारख्या लाइनवर मी बंडल सुचवीन. चांगली जोडणी असलेल्या सहकाऱ्याने 'गिट बंडल क्रिएट' वापरून सगळ्या शाखांची एक फाइल करावी आणि ती वेब सर्व्हरवर ठेवावी. ती साधी, न बदलणारी फाइल असल्याने 'डब्ल्यूगेट' या फाइल उतरवणाऱ्या साधनाच्या 'कंटिन्यू' पर्यायाने लाइन कितीही वेळा गेली तरी तुटल्या जागेवरून उतरते. मग त्या फाइलवरून क्लोन करावा, रिमोटचा (गिट जिथून बदल आणते त्या जागेचा) पत्ता मूळ सर्व्हरचा करावा आणि एक फेच (नवे बदल आणण्याची आज्ञा) द्यावा. तेवढ्यात फक्त बंडलनंतरची कमिट्स येतात. असा सहकारी नसेल, तर 'डेप्थ' 1 ठेवून (म्हणजे फक्त शेवटची कमिट घेऊन) क्लोन करावा आणि 'डीपन'ने शंभर-शंभर कमिट्स मागे जावे. लाइन गेली तर तेवढाच टप्पा वाया जातो, आधीचे टप्पे डिस्कवर शाबूत राहतात.