कार्ड कुणाचं ते नंतर ठरवा, आधी त्याचा हात बघा

सीमाभागातल्या आजाऱ्यानं महाराष्ट्राचं कार्ड घ्यावं की कर्नाटकाचं, हा वाद बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या घरात अजून मिटलेला नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, आणि तेव्हापासून घरी फोन लावला की हा विषय निघतोच. थोरले काका म्हणतात, महाराष्ट्रानं निदान आपलं म्हटलं. मधले काका म्हणतात, राहायचं इथं, रेशन इथलं, मग कार्डपण इथलंच घ्या की. दोघंही तावातावानं बोलतात. त्याच सोप्यात माझा चुलतभाऊ उजवा हात उशीवर ठेवून बसलेला असतो, आणि त्याच्या हाताबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे : "नाटक करूलाय."

माझा राग त्या एकमतावर आहे.

भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. पेटी उचलताना साखळी सुटली आणि हात खाली सापडला. हाड फार मोडलं नव्हतं. प्लास्टर निघालं, एक्स-रे "ओके" आला, आणि सगळ्यांच्या लेखी प्रकरण तिथं संपलं. हात मात्र सुधारण्याऐवजी बिघडत गेला. तो कधी लालबुंद होतो, कधी जांभळा आणि थंडगार पडतो. तळव्याला घाम सुटतो, बोटं मिटत नाहीत. "आक्का, फॅनचा वारा लागला तरी जीव जातोय की," असं तो मला सांगत होता तेव्हा मागून कुणीतरी हसलेलं मला फोनवर ऐकू आलं.

मी हसणाऱ्याला काही बोलले नाही, कारण माझा आवाजच फुटला नाही. तो सांगत होता तो माझाच हात होता.

मी स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळीत एका आजोबांना खाटेवरून उठवताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. डे-आर्ट्स्टनं, म्हणजे कामावरच्या अपघातांसाठी नेमलेल्या डॉक्टरनं, त्याच रात्री अहवाल बे-गेकडे, म्हणजे कामगारांच्या अपघात विमा संस्थेकडे पाठवला, सहा आठवडे पगार झाला, पुढे फरलेट्स्टनगेल्ड, म्हणजे पगाराऐवजीचा इजा भत्ता, सुरू झालं. इथवर सगळं सरळ होतं. प्लास्टर निघाल्यावर हाताची आग सुरू झाली. स्वेटरची बाही लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. रात्री हात पांघरुणाबाहेर काढून झोपायची. मी स्वतः नर्स, दुसऱ्यांच्या वेदनेला शून्य ते दहा असे आकडे देणारी, आणि माझ्या वेदनेला कुणी आकडा द्यायला तयार नव्हतं. बे-गेनं नेमलेल्या गुटआख्टरनं, म्हणजे तपासून मत देणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरनं, लिहिलं : फ्रॅक्चर नीट जुळलं आहे, उरलेल्या तक्रारींचा अपघाताशी संबंध दिसत नाही. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की रुग्ण परदेशातून आलेली आहे, घरापासून दूर आहे, मानसिक ताण लक्षात घ्यावा.

म्हणून "तुझ्या जर्मनीत असं होत नसेल बघ," असं कुणी म्हणालं की मी ठामपणे सांगते, होतं. आणि होतं तेसुद्धा कुठं? ज्या देशातल्या सर्जनच्या नावानं हा आजार ओळखला जातो त्या देशात. हॅम्बुर्गच्या पाउल झुडेक नावाच्या सर्जननं १९०० साली दुखापतीनंतर हाडं विरळ होणाऱ्या अशा हातापायांचं वर्णन केलं. इथले म्हातारे डॉक्टर अजून याला झुडेकचा आजार म्हणतात. त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, वीअर मिचेल या डॉक्टरनं गोळी लागून नस दुखावलेले सैनिक पाहिले होते. जखम भरल्यावरही त्यांच्या हाताची आग होत राहायची आणि ते हात सतत ओल्या फडक्यात ठेवायचे. १९९४ मध्ये त्याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) हे नाव मिळालं. २००३ मध्ये तज्ज्ञ बुडापेस्टला जमले आणि त्यातून निदानाच्या कसोट्या ठरल्या.

या कसोट्या मला माझ्या घरातल्या प्रत्येकाला सांगायच्या आहेत, म्हणून इथं सविस्तर लिहिते. दुखापतीच्या मानानं वेदना फार जास्त हवी आणि ती चालू राहायला हवी. मग लक्षणांचे चार गट आहेत : स्पर्शाची वेदना, त्वचेचा रंग आणि तापमान, सूज आणि घाम, हालचाल आणि केस-नखं. चारपैकी किमान तीन गटांतली लक्षणं रोग्यानं सांगितली पाहिजेत, आणि तपासणीच्या दिवशी किमान दोन गटांतल्या खुणा डॉक्टरला स्वतःला दिसल्या पाहिजेत. शिवाय दुसऱ्या कोणत्याही आजारानं हे सगळं समजावता येत नाही, याची खात्री व्हायला हवी. रक्ताच्या एका तपासणीत किंवा एका एक्स-रेमध्ये हा आजार पकडता येत नाही. हाडाचा स्कॅन निदानाला आधार देतो, पण तो स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं होत नाही. माणूस खोटं बोलतो या संशयाला सगळी जागा इथंच मिळते. खुणा येतात-जातात. सकाळी जांभळा असलेला हात दुपारी तपासणीच्या टेबलावर साधासुधा दिसू शकतो. मन कमकुवत असल्यामुळे हा आजार होतो, असं संशोधनात सिद्ध झालेलं नाही. तरी तो शेरा सगळीकडे आधी मारला जातो, स्टुटगार्टात सभ्य भाषेत आणि येळ्ळूरात सरळ तोंडावर.

मग फरक काय? फरक आहे, आणि तो मी झाकणार नाही. माझ्याकडे पहिल्या रात्रीपासून कागद होता. बेशाइड, म्हणजे बे-गेचा लेखी निर्णय, हातात पडला तेव्हा त्याच्या खालीच लिहिलं होतं की एका महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, करता येतो. मी केला. नवा गुटआख्टर निवडायला मला काही नावं देण्यात आली, कारण तसा कायदाच आहे. दुसऱ्यानं दोन्ही हातांचं तापमान मोजलं, मनगटाचा घेर फितीनं मोजला, बोटं किती वाकतात ते अंशांत लिहिलं, आणि निदान बदललं. पेन्शन मिळाली नाही, कारण माझं नुकसान २० टक्क्यांच्या खाली धरलं. पण उपचार पुन्हा सुरू झाले : आरशासमोर बसून चांगला हात हलवायचा, दुखरा हात रोज थोडा कामाला लावायचा. आज मी सलाइन लावू शकते. इथला कामगार साहेबाला काय वाटेल याचा विचार न करता हरकत लिहितो आणि त्याला कुणी नमकहराम म्हणत नाही. आपल्याकडे मालकानं हॉस्पिटलचं पहिलं बिल भरलं की सगळं घर त्याच्या उपकाराखाली वाकतं.

भावाच्या बाबतीत तेच झालं. बिल मालकानं भरलं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर लिहून घेतलं की हा घरी पडला. धाकट्या काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सही केली. कागद कन्नडमध्ये होता. त्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.

इथं मला माझ्याबद्दल बोललं पाहिजे. कन्नड कागद म्हटलं की माझं रक्त तापतं. २०१४ च्या जुलैत गावातला "महाराष्ट्र राज्य" लिहिलेला फलक काढला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते आमच्या गावानं सोसलं आहे. शाळेत कन्नड हा विषय मी पास होण्यापुरता शिकले. आणि जर्मन? बी-दोनच्या परीक्षेसाठी बेळगावच्या खोलीत रात्र रात्र जागून मी ती भाषा पाठ केली, एकदाही अपमान न वाटता. जर्मन फॉर्म आला की मी निमूट भरते. याचं उत्तर मी स्वतःला असं देते की जर्मनांनी माझ्या गावावर हक्क सांगितला नाही, मी त्यांच्या दारात गेले. येळ्ळूरात सरकार आमच्या दारात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्हाला न विचारता. हे उत्तर मला खरं वाटतं. पण काकांच्या सहीपाशी ते मला पुरत नाही. तो कागद वाचणारं घरात एक माणूस असतं तर भावाचा हक्क गेला नसता, आणि घरात शिकलेली मी एकटीच होते.

इथं कुणी विचारलं की मी "महाराष्ट्रातली" म्हणते. पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाव, कर्नाटक. गुटआख्टरनं "घरापासून दूर" लिहिलं तेव्हा मला सगळ्यात जास्त ते झोंबलं, कारण घर कुठलं धरायचं हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

पण भावाचा हात या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबणार नाही, म्हणून परत कार्डाकडे येते. दोन्ही काकांनी नीट ऐकावं. महाराष्ट्राची योजना घ्या नाहीतर आरोग्य कर्नाटक घ्या, दोन्हींचा भर हॉस्पिटलात दाखल होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांवर आणि शस्त्रक्रियांवर आहे. याला लागते महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, वेदनेची औषधं आणि ओळखणारा डॉक्टर. ज्या कार्डावरून तुम्ही इतकी वर्षं भांडताय त्यानं त्याच्या हाताचं फारसं काही होणार नाही. त्याचा खरा हक्क तिसरीकडेच आहे आणि त्याचं नाव घरात कुणी काढत नाही : ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा. १९४८ च्या कायद्यानं तो आला. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जात होते, पगारचिठ्ठीवर दिसतात. कामावर झालेल्या इजेला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. काम करता येत नाही तोवर सुमारे ९० टक्के मजुरी मिळते, आणि कायमचं नुकसान किती ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. अंगठा तुटला तर ३० टक्के, असं कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं आहे. जागेवर असलेल्या पण निकामी झालेल्या हाताला छापील आकडा नाही, तो तपासून ठरवावा लागतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर पुढे अपील आहे. सीमा इकडं असो की तिकडं, हा कायदा केंद्राचा आहे.

तेव्हा घरच्यांना माझं सांगणं असं आहे. हात गळ्यातल्या झोळीत बांधून ठेवू नका, न हलवल्यानं तो आणखी आखडतो. मिठाचा शेक आणि घट्ट पट्टी बंद करा. हाताचा रंग बदलला की दोन्ही हात शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. बेळगावात, नाहीतर मिरजेला, वेदनेवर काम करणारा डॉक्टर गाठा आणि तपासणीत काय दिसलं ते त्याच्याकडून लिहून घ्या, आकड्यांत. त्या दिवशी पेटीपाशी जे दोघं होते त्यांचे जबाब घ्या, ते अजून त्याच फौंड्रीत आहेत आणि घाबरलेले आहेत.

आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पोरांना एक विनंती. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत तुम्ही दरवर्षी चालता, मीही शाळेत असताना चालले आहे, सुट्टी जुळली तर परत चालेन. तुमच्यात कन्नड वाचता-लिहिता येणारे पुष्कळ आहेत, मला माहीत आहे. भावाला ईएसआयच्या ऑफिसात जायचं आहे, अपघात घरी नाही, कामावर झाला असा अर्ज द्यायचा आहे. त्याचे वडील एकटे गेले तर पुढ्यात येईल त्या कागदावर पुन्हा सही करतील. तुमच्यातला एकजण त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा. प्रत्येक कागद मोठ्यानं वाचा, मराठीत सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.