‘आमच्या वेळी ऑटिझम नव्हता’ हे खरं नाही

‘आमच्या लहानपणी ऑटिझम नव्हता. मोबाईल, लसी आणि नोकरीवाल्या आयांमुळे तो आला,’ असा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे संवाद साधणं, लोकांत मिसळणं अवघड जातं. त्या मजकुरातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘पूर्वी नव्हता.’ होता, पण ओळखत कुणी नव्हतं. ताशा वाजला की कान झाकून माळ्यावर जाऊन बसणारा, भाताला भाजीचा रस्सा लागला तर ताटावरून उठणारा काका कितीतरी घरांत होता. त्याला घुमा म्हणत, नाहीतर वेडसर. मॉस्कोच्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी 1925 मध्येच अशा मुलांची वर्णनं छापली होती. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अमेरिकेतल्या 11 मुलांबद्दल लिहिलं. पुढे व्याख्या रुंदावत गेली. आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आला. आकड्यांतली बरीचशी वाढ अशा बदलांमुळे दिसते.

‘मोबाईलमुळे होतो.’ कॅनर यांच्या काळी घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हते. लहान मुलांचा स्क्रीन जरूर कमी करा, पण फोन काढून घेतल्याने स्वमग्नता जात नाही.

‘लसीमुळे होतो.’ ही भीती पसरली ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या 1998 च्या, अवघ्या 12 मुलांवरच्या निबंधातून. तो छापणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं वैद्यकीय नोंदणीपुस्तकातलं नावही काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, तरी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीशी ऑटिझमचा संबंध सापडला नाही.

‘आईचं लक्ष नसतं.’ सगळ्यात संताप येतो तो याचा, कारण हा आरोप जुना आहे आणि कधीचाच खोटा ठरलाय. अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नामवंत मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात आईवडिलांच्या थंडपणाला दोष दिला आणि एका पिढीतल्या आया अपराधीपणाने खंगल्या. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा ठळकपणे समोर आला. तरी आपल्या घरांत काय चालतं? मूल हाकेला वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही, हे बहुतेकदा आईच्याच आधी लक्षात येतं. घरचे म्हणतात, ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला.’ थेरपी सुरू करायची मोलाची वर्षं त्यात जातात. आणि निदान झालं की तीच माणसं तिला विचारतात, ‘नोकरी करायची काय गरज होती?’