कारण सोडून सगळं बदला

गौरी-गणपती पाण्यात गेले, की घरात दोन गोष्टी मागे उरतात: डब्याच्या तळाशी करंज्या आणि भाच्याने मुंबईला जाता जाता अपग्रेड करून ठेवलेला कॉम्प्युटर. करंज्यांचं काही नाही, त्या चार दिवसांत संपतात.

विसर्जनाच्या रात्री भाचा म्हणाला, "मामा, विंडोज १० चे दिवस भरले. १४ ऑक्टोबर २०२५ लाच त्याचा पाठिंबा संपला. अकरा टाकून देतो." रात्री दोन वाजता अकरा पडलं, पहाटे पाचला भाचा गाडीत बसला. सकाळी तुम्ही यंत्र चालू केलंत तर सगळं गोल-गोल, गुळगुळीत, चिन्हं मधोमध सरकलेली. फक्त कोपऱ्यात पृथ्वीचा करडा गोल. नेट नाही.

घाबरू नका. आतापर्यंत तुमचं सगळं बरोबर चाललेलं आहे. अपग्रेडच्या आधी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्डाची ओळख करून देणारा प्रोग्राम, पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला नाहीत, हे उत्तम. कार्डाचं नाव-नंबर कागदावर लिहिला नाहीत, हेही उत्तम. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस काढला नाहीत, वायफायची ती नखाएवढी यूएसबी काडी विंडोज ७ च्या काळातली आहे, हे भाच्याला सांगितलं नाहीत. आता नव्या विंडोजला त्या काडीची ओळख पटत नाही. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेट ड्रायव्हरवर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. यावर एक फार सोपा उपाय आहे, म्हणून तो शेवटी सांगू.

पहिलं काम, केबलवाल्याला फोन. तोही रागानेच. त्याआधी घरातला मोबाइल त्याच वायफायवर चालतो का, हे चुकूनही बघायचं नाही. मोबाइल चालला, तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे हे अर्ध्या मिनिटात कळेल आणि भांडायला कोणी उरणार नाही. माजघरात भिंतीवर लटकलेला फायबरचा डबा आहे ना, ज्याला आपण सगळे मोडेम म्हणतो, त्याच्या दिव्यांकडेही पाहू नका. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर ठीक. लॉस नावाचा दिवा लाल असेल तर वाटेत कुठेतरी माडाची झावळ तारेवर पडलेली आहे आणि तुमचं विंडोज बिचारं निर्दोष आहे. केबलवाला मीटर लावून बघतो, तेव्हा प्रकाशाची ताकद साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असली तर डबा चालतो, त्याखाली गेली की मान टाकतो. पण हे माहीत असणारा माणूस भांडणात मागे पडतो.

"काय ओ, नेट गेला माझा!"

"वाडीत सगळ्यांचा चालू आसा, काका."

"माझा नाय ना!"

इथे थांबा. याच्यापुढे बोललात तर तो एखादा उपयोगाचा प्रश्न विचारेल.

आता कॉम्प्युटरकडे वळा. जाणकार लोक खालून वर जातात, एकेक पायरी. तुम्ही वरून खाली उडी मारायची. तरी ती पायऱ्यांची भानगड काय असते ती सांगतो, म्हणजे नक्की काय टाळायचं ते कळेल. कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडतात आणि आयपीकॉन्फिग असं टाइप करतात. तिथे आयपीव्ही४ च्या ओळीत पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू झाला तर राउटरने, म्हणजे घरभर नेट वाटणाऱ्या यंत्राने, पत्ता दिलेला आहे. १६९.२५४ ने सुरू झाला तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला एक पत्ता चिकटवून घेतला. म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर चाललाय, गाडी राउटरपर्यंत पोचत नाही. आणि खिडकीत कार्डाची ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. एवढ्या एका नजरेत निम्मं घर झाडून होतं.

मग पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का बघणं. पहिल्यांदा १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःच्याच छातीला हात लावून बघणं. त्याला उत्तर आलं नाही तर विंडोजच्या आतली नेटवर्कची घडी विस्कटलेली आहे. मग डिफॉल्ट गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो त्याला, म्हणजे राउटरला. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, पण आयपीकॉन्फिगमध्ये दिसेल तोच घ्यायचा. मग घराबाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. इथपर्यंत उत्तरं येतात आणि तरी एकही साइट उघडत नाही, तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस बिघडलाय. बहुधा पूर्वी कोणी डीएनएसचे आकडे हाताने भरून गेलेला असतो आणि ते आकडे आता कुणाचेच नसतात. ते खोडून 'आपोआप' वर ठेवलं की काम झालं. तीन पिंग, तीन मिनिटं. तुमच्याकडे अख्खा दिवस आहे, तेव्हा हे काही करू नका.

त्याऐवजी १६९.२५४ दिसताच स्वतःच एक छानसा पत्ता ठोकून द्या. राउटरने टीव्हीला दिलेलाच निवडलात तर दोघं एकमेकांना धक्के मारतील आणि संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी घरातला दुसरा पक्षही या कामात ओढला जाईल.

तार लावून नेट घेणाऱ्यांसाठी खास सूचना. मागचा प्लग काढून बघायचा नाही. अपग्रेड झालं आणि नेट गेलं, म्हणजे अपग्रेडनेच गेलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे फक्त म्हणायचं असतं. वास्तविक भाच्याने त्या रात्री कॉम्प्युटरचा डबा पुढे ओढला, जाळी झटकली, परत ढकलला, आणि तार मागे दोन बोटं ताणली गेली. प्लग उजेडात धरलात तर आत आठ बारीक पितळी रंगाचे दात दिसतील. समुद्र अर्ध्या मैलावर आणि पावसाळे चार-पाच झालेले, म्हणजे त्यातले एकदोन दात देवघरातल्या न घासलेल्या निरांजनासारखे हिरवट पडलेले असतात. शंभर एमबीपीएसच्या वेगाला १, २, ३ आणि ६ असे चारच दात लागतात, एक गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, आठही. त्यामुळे उरलेल्यांपैकी एखादा कुजला तर नेट पूर्ण जात नाही, कित्येकदा गिगाबिटचं मुकाट शंभरावर येतं आणि तुम्ही "अकरा स्लो आहे" म्हणायला मोकळे. १ किंवा २ कुजला की मात्र दिवाच लागत नाही. हिरवं झालेलं तोंड कापून नवा प्लग दाबायचा, रंग दोन्हीकडे एकाच क्रमाने: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एवढ्या पाच मिनिटांच्या कामासाठी नवा कॉम्प्युटर घेणं अधिक प्रतिष्ठेचं.

कधी गंमत आणखी वेगळी असते. पिंग सगळीकडे जातं, पण जी साइट उघडावी ती म्हणते, 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' खाली उजवीकडे तारीख बघितलीत तर तुम्ही २०१५ सालात बसलेले असाल. मदरबोर्डवरची रुपयाएवढी तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी मेलेली आहे. एरवी इन्व्हर्टरवर निभावतं, पण रात्रभर लाइट गेली की घड्याळ मागे जातं आणि साइटच्या प्रमाणपत्रांची तारीख जुळत नाही. अशा वेळी तारीख सोडून ब्राउझर बदला. तीन तरी बदला.

आता मुख्य विधी, म्हणजे रिसेट. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटश विनसॉक रिसेट, नेटश इंट आयपी रिसेट, आणि मग रिस्टार्ट, हे औषध खरं आहे आणि विस्कटलेल्या घडीला लागूही पडतं. म्हणून ते साध्याच खिडकीत द्या, 'परवानगी नाही' असं येऊ द्या, आणि थेट सेटिंग्जमधल्या नेटवर्क रिसेटवर जा. तो पाच मिनिटांनी स्वतः यंत्र बंद करून चालू करतो, सगळी कार्डं उपटून पुन्हा लावतो आणि साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड विसरतो. पासवर्ड गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागे लिहिला होता. त्या कॅलेंडरात मे महिन्यात कोणाला तरी आंबे बांधून दिलेत. केबलवाल्याने थेट कॉम्प्युटरवर डायल करायला दिलेलं युजरनेम असेल, तर तेही आता त्याच्याच वहीत, आणि त्याच्याशी तुमचं सकाळी काय झालं ते आठवा.

जुना अँटिव्हायरस आणि ऑफिसच्या नेटवर्कला गुपचूप जोडून देणारं, ऑफिसने कधीतरी टाकलेलं व्हीपीएन ही जोडी मात्र तशीच राहू द्या. ही मंडळी कार्डाच्या आणि विंडोजच्या मध्ये आपली चाळण लावून बसतात. विंडोज बदललं की चाळणीची भोकं बुजतात: कार्ड दिसतं, ड्रायव्हर ठीक दिसतो, आणि थेंब पलीकडे जात नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या कंपनीचं काढून टाकायचं खास साधन आणून पूर्ण उपटावं लागतं, नुसतं बंद करून भागत नाही. कसा खाष्ट पाहुणा आहे बघा, निघताना त्याला गाडीही त्याच्याच कंपनीची लागते.

प्रिंटर दिसेनासा झाला, तर प्रिंटरलाच शिव्या द्या. अपग्रेडने घरचं नेटवर्क 'पब्लिक' धरलं, म्हणजे तुमच्या ओटीला एसटी स्टँड समजलं, म्हणून सगळं शेअरिंग कडी लावून बसलंय. सेटिंग्जमध्ये एक टिचकी मारून 'प्रायव्हेट' करता येतं.

आणि हो, रोज रात्री शट डाउन करत राहा. शट डाउनने ही विंडोज पूर्ण मिटत नाही, ड्रायव्हरांसकट अर्धवट डुलकी घेते आणि सकाळी कालचाच गोंधळ घेऊन उठते. पूर्ण नव्याने सुरू व्हायचं तर रिस्टार्ट लागतो. चार दिवस शट डाउन करून "दहा वेळा बंद-चालू केला" असं भाच्याला सांगता येतं आणि ते खोटंही नसतं.

वायफाय दिसतं पण ओटीवर तग धरत नाही, असं असेल तर चिऱ्याच्या भिंती पाडायचा विचार करा. नव्या ड्रायव्हरने पाच गिगाहर्ट्झची लहर धरली आहे, ती वेगवान असली तरी जाड चिऱ्यातून धापा टाकत येते, आणि कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये २.४ ला पसंती देता येते, हे गवंड्याला सांगू नका.

राहता राहिलं परतीचं दार. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. जुनं विंडोज विंडोज.ओल्ड या फोल्डरात दहा दिवस ठेवलेलं असतं. डिझम नावाच्या कमांडने ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मुदतीच्या आतच. तुम्ही आधी डिस्क भरली म्हणून ते फोल्डर साफ करा. तेवढा उत्साह नसेल तर नुसते दिवस मोजत बसा.

गौरीविसर्जनापासून दहा दिवस, म्हणजे पितृपक्ष लागलेला. परसात केळीच्या पानावर भात-वडा मांडून घरातले सगळे माडाकडे बघत उभे. तुम्ही अकराव्या दिवशी आत कॉम्प्युटरपुढे उभे राहा. 'गो बॅक' दाबा. ते करडं पडलेलं आहे, दबत नाही. कावळा शिवत नाही म्हणजे मयताची काही इच्छा राहिली आहे. हात जोडून सांगा: "ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवीन. जुना अँटिव्हायरस काढीन. केबलवाल्याशी गोड बोलेन." पुन्हा दाबा.

नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून भागवतात. तो सोपा उपाय हाच. चार्जिंगची तार मोबाइलपासून कॉम्प्युटरला जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मोबाइलच नेटवर्क कार्ड होऊन बसतो. मग विंडोज अपडेट उघडा, ते काडीचा ड्रायव्हर बहुधा स्वतःच शोधून आणतं. रेंज ओटीवर नसेल, तर मोबाइल पडवीच्या खांबाला, त्या जुन्या अँटेनाच्या खिळ्याला टांगा. तिथे दोन कांड्या येतात.