पैसे तुमचे, किनारा सगळ्यांचा

समुद्रकिनारी घर घ्यायची हुक्की माणसाला सहसा परक्या गावात, भरल्या पोटी येते. त्यासाठी मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं महावाल फार सोयीचं गाव आहे. किंताना रो राज्याच्या दक्षिण टोकाकडे, बेलीझच्या अलीकडे. महामार्ग ३०७ सोडला की पन्नासेक किलोमीटर जंगलातला सरळसोट रस्ता आणि मग एकदम समुद्र. प्रवाळाची रांग लाटा बाहेरच अडवते, म्हणून आतलं पाणी उथळ आणि निवांत. याच किनाऱ्यावर उत्तरेकडे असलेल्या कॅनकूनचे हॉटेल-मनोरे नाहीत, तुलुमचे भाव नाहीत, भर दुपारी रस्त्यात कुत्री झोपलेली. एजंट मंडळी या गावाला ‘पुढचं तुलुम’ म्हणतात. त्या किनाऱ्यावरचं ‘पुढचं तुलुम’ नसलेलं गाव माझ्या तरी ऐकिवात नाही.

या निवांतपणाला वेळापत्रक आहे, ते आधी बघावं. गावाशेजारी २००१ पासून क्रूझ जहाजांचा धक्का आहे. जहाज लागलं की तासाभरात हजारो माणसं खाली उतरतात आणि किनाऱ्यावरच्या पायवाटेवर मसाजची टेबलं, टोप्या, ढोल आणि टकीला असा बाजार भरतो. संध्याकाळी जहाज सुटलं की पुन्हा कुत्री. जहाजांच्या तारखा कित्येक महिने आधी जाहीर होतात, तेव्हा एजंट आपल्याला कुठल्या दिवशी प्लॉट दाखवायला नेतोय हे ताडून बघता येतं. राहायला घर शोधणाऱ्याला तो बिनजहाजाच्या दिवशी नेतो. भाड्याने द्यायचं म्हणणाऱ्याला भर गर्दीत उभं करून ‘गिऱ्हाईक मोजा’ म्हणतो. ते गिऱ्हाईक रात्री झोपायला जहाजावरच परत जातं, एवढं मात्र सांगायचं त्याच्या लक्षात राहत नाही.

त्यात २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने हे बंदर घेऊन तिथे मोठं पर्यटनस्थळ उभारायचा बेत जाहीर केला. त्याच वर्षाअखेरीस माया रेल्वेही तुलुमहून राज्याची राजधानी चेतुमालपर्यंत धावू लागली. अशा प्रत्येक बातमीला भाव चढतो. बेत लांबला तरी चढलेला भाव खाली यायचं नाव घेत नाही.

तर ठरलं, घ्यायचं. आता मालक कोण होणार ते बघू. तुम्ही नाही.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेचं कलम २७ म्हणतं, की किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाही. महावाल दोन्ही पट्ट्यांत बसतं, म्हणजे शंकेला जागाच नाही. वाट काढलेली आहे ती फिदेइकोमिसो नावाच्या ट्रस्टची. जमीन कागदोपत्री मेक्सिकन बँकेच्या नावावर, लाभार्थी तुम्ही. मुदत ५० वर्षं, पुढे नूतनीकरण. राहा, भाड्याने द्या, पाडून बांधा, विका, मुलांच्या नावे ठेवा, सगळे हक्क तुमचे. बँक बुडाली तरी ही जमीन तिच्या घेणेकऱ्यांच्या हाती जात नाही. लोक या ट्रस्टला उगाच घाबरतात असं माझं मत आहे. घाबरायच्या जागा पुढे आहेत.

या ट्रस्टला परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते. त्या परवानगीत तुम्ही लिहून देता, की या मालमत्तेपुरतं मी स्वतःला मेक्सिकन समजेन आणि माझ्या सरकारकडे दाद मागायला जाणार नाही, गेलो तर मालमत्ता मेक्सिकोची. ‘दिल्लीत आपली ओळख आहे’ हे वाक्य सही करतानाच बाद होतं.

मग बँकेची फी. ट्रस्ट उघडायची वेगळी आणि दरवर्षीची वेगळी; वार्षिक फी साधारण पाचशे ते हजार डॉलरच्या दरम्यान असते. विक्रेता स्वतः परदेशी असेल, तर त्याचाच ट्रस्ट तुमच्या नावे फिरवता येतो आणि खर्च थोडा वाचतो. इथेच फसायला होतं. पन्नासपैकी किती वर्षं शिल्लक आहेत ते विचारावं, आणि त्याने बँकेची फी शेवटची कधी भरली तेही. कॅनडात कॅलगरीला परत गेलेल्या माणसाला महावालच्या फीची आठवण राहतेच असं नाही, आणि थकबाकी चुकती होईपर्यंत बँक व्यवहाराला हलत नाही.

ट्रस्टच्या अर्जात आणखी एक रकाना असतो: तुमच्या पश्चात लाभार्थी कोण. तो भरला, तर वारसाला मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाता येतं. कोरा सोडला, तर त्याच वारसाला मेक्सिकन कोर्टात, स्पॅनिशमध्ये वारसाहक्काचं प्रकरण चालवावं लागतं. थोरल्याचं नाव घालायचं की धाकटीचं, हा वाद घरीच मिटवून जावं. बँकेतला कारकून मध्ये पडत नाही.

आता विकणारा कोण, ते बघू. ज्या प्लॉटचा भाव शेजारच्यापेक्षा निम्मा आहे, त्यावर बहुधा एहिदो नावाचं भूत असतं. क्रांतीनंतर मेक्सिकोत शेतकऱ्यांच्या समूहांना जमिनी वाटल्या, त्या एहिदो. १९९२ पर्यंत त्या विकताच येत नव्हत्या. त्यानंतर समूहाच्या सभेत ठराव करून एखादा तुकडा खासगी मालकीत आणायची सोय झाली. ती वाट लांब आहे: सभा, ठराव, राष्ट्रीय कृषी नोंदणीत बदल, मग मालकीपत्र. त्यानंतरच्या पहिल्या विक्रीत आधी घरच्यांना, तिथे वर्षभराहून जास्त राबलेल्यांना, एहिदोच्या बाकी सभासदांना, गावच्या रहिवाशांना आणि खुद्द एहिदोला विचारावं लागतं. त्यांना तीस दिवसांची मुदत असते. हे विचारणं राहून गेलं, तर विक्री रद्द होऊ शकते.

ही वाट पुरी न चालताच जमीन विकणारे पुष्कळ. ते एक ‘हक्कांचं हस्तांतरण’ देतात. कागद सुरेख असतो, खाली चार सह्या, त्यावर निळा शिक्का, बाजूला एहिदोच्या अध्यक्षांचा अंगठा. परदेशी खरेदीदाराच्या हातात त्या कागदाला शिक्क्याच्या शाईएवढीही किंमत नाही, कारण एहिदोची जमीन ट्रस्टमध्ये घालताच येत नाही. ‘आम्ही नंतर मालकीपत्र काढून देतो’ या वाक्यातलं ‘नंतर’ फार लवचीक असतं. जून २०१६ मध्ये तुलुमच्या किनाऱ्यावरची हॉटेलं जमिनीच्या वादातून एका दिवसात रिकामी करवली गेली. पाहुण्यांनी सूटकेसा रस्त्यावर भरल्या. ती हॉटेलं काही झोपड्या नव्हत्या.

म्हणून सगळं येऊन थांबतं ते नोटारिओपाशी. कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल मांडून शिक्के मारणारे आपले नोटरी डोळ्यांसमोर आणू नयेत. मेक्सिकोतला नोटारिओ हा सरकारने नेमलेला बडा वकील असतो. त्याच्याशिवाय खरेदीखत होतच नाही. तो कुणी असावा हे ठरवायचा हक्क खरेदीदाराचा, कारण फी त्याच्या खिशातून जाते. एजंटाने ‘आमचा नेहमीचा आहे’ म्हटलं, की तिथेच थांबावं. नोटारिओ चेतुमालच्या सार्वजनिक नोंदणीतून बोजा नसल्याचा दाखला काढतो, मालमत्ताकर आणि पाणीपट्टीची बाकी नसल्याचे दाखले घेतो, मूल्यांकन करवतो, कर कापून सरकारला भरतो. खरेदीवरचा कर, नोंदणी, त्याची फी आणि ट्रस्ट मिळून किमतीच्या वर साधारण पाच ते आठ टक्के धरावेत.

पण नोटारिओ कागद बघतो, जमीन बघायला जात नाही. तुमचा प्लॉट नकाशात आहे तिथेच जमिनीवर आहे का, शेजाऱ्याचं कुंपण तीन मीटर आत आलंय का, मागचा अर्धा भाग पावसाळ्यात तळं होतो का, हे त्याच्या कामात येत नाही. त्यासाठी स्वतःचा मोजणीदार आणून खुंट्या ठोकून घ्याव्यात, आणि त्याही विक्रेत्याच्या समक्ष.

इथे आपल्या लोकांचा एक लाडका प्रश्न ठरलेला असतो: व्हाइट किती, ब्लॅक किती? एक तर मेक्सिकोत ठरावीक मर्यादेवर जमिनीचे पैसे रोख द्यायला कायद्याने बंदी आहे. शिवाय विक्रेता मोठ्या मनाने ‘किंमत कमी दाखवू, कर वाचेल’ म्हणतो, तेव्हा वाचणारा कर मुख्यतः त्याचा असतो. उद्या तुम्ही विकायला निघालात, की दोन्ही किमतींतला फरक हा तुमचा नफा. अनिवासी विक्रेत्याला सबंध विक्रीवर २५ टक्के, नाहीतर खर्च वजा जाता नफ्यावर ३५ टक्के कर. वजा करायच्या खर्चालाही मेक्सिकोची अधिकृत इलेक्ट्रॉनिक पावती लागते. गवंड्याने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर लिहून दिलेला हिशोब तिथे चालत नाही. म्हणून मेक्सिकोचा कर-क्रमांक आधीच काढावा आणि प्रत्येक बिल त्यावर घ्यावं.

समुद्राकडच्या बाजूला आणखी एक हिस्सेदार आहे, मेक्सिकोचं सरकार. भरतीच्या रेषेपासून आत २० मीटरचा पट्टा सरकारी. जाहिरातीत ‘प्लॉटची लांबी ४० मीटर’ असेल आणि विक्रेत्याने टेप पाण्यापासून धरली असेल, तर तुम्ही निम्मे पैसे सरकारच्या वाळूचे देताय. तो पट्टा वापरायला पर्यावरण मंत्रालयाचा परवाना मिळतो, त्याचं वार्षिक शुल्क असतं, आणि विक्रेत्याच्या नावचा परवाना घराबरोबर आपोआप तुमच्याकडे येत नाही. वर ही रेषा जागची हलते. २१ ऑगस्ट २००७ ला डीन हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ महावालजवळच किनाऱ्यावर चढलं आणि क्रूझचा धक्काही मोडून गेलं. किनारा झिजून दहा मीटर आत आला, की सरकारी पट्टाही दहा मीटर आत सरकतो. तुमचा व्हरांडा मात्र होता तिथेच राहतो.

मागच्या बाजूला खारफुटी. २००७ पासून तिला हात लावायची जवळपास बंदीच आहे. ‘थोडी झाडं काढली की रस्ता होतो’ असं कुणी सांगितलं, तर तो प्लॉट फक्त बघण्यासाठी आहे.

हे सगळं नको म्हणून लोक बांधकामाआधीच फ्लॅट बुक करतात. आगीतून फुफाट्यात. संगणकावरच्या चित्रात तलाव निळा, ताडाची झाडं वाढलेली, आणि एक बाई कायम योगासनं करताना. विचारायचं ते एवढंच: जमीन बिल्डरच्या नावावर आहे का, पर्यावरणाची आणि बांधकामाची परवानगी हातात आहे का, आणि कॉन्डोमिनियमची, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटांची इमारत म्हणून, नोंदणी झाली आहे का? ती झाल्याशिवाय तुमच्या फ्लॅटचं स्वतंत्र खरेदीखत होत नाही, मग किल्ली मिळो न मिळो.

भारतातून पैसे पाठवणाऱ्याला इकडचं शेपूट वेगळं. परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. पती-पत्नी दोघांनी पाठवायचे, तर दोघांची नावं लाभार्थी म्हणून हवीत. त्यासाठी बँक कर्ज देत नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं, की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं विसरलात, तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. आणि नाव! मेक्सिकन फॉर्मला वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं हवी असतात. आपल्या नावात मध्ये वडील बसलेले दिसले, की कारकून त्यांनाच पहिलं आडनाव करून टाकतो. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि पॅनवर माहेरचं असेल, तर विवाहाचा दाखला अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी साक्षांकन) करून, मेक्सिकोतल्या अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिशमध्ये करून घ्यावा लागतो. विमान धरायच्या आधी हे झालेलं बरं.

ताबा मिळाला, की सरगॅसम येतं. हे तपकिरी शेवाळ २०११ पासून कॅरिबियनमध्ये ढिगाने वाहत येऊ लागलं, बहुतेक वसंतापासून उन्हाळाभर. वाळूवर सडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा वास सडक्या अंड्यांचा, आणि तो एसीच्या तांब्याच्या नळ्या काळ्या करतो. ‘समुद्राची हवा’ म्हणून आपण जिचे पैसे मोजलेले असतात, ती हीच. बाकी किरकोळ: गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर कुठे कुठे विजेची तारच नाही, म्हणून सोलर आणि बॅटऱ्या, विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून टाकी आणि टँकर, स्क्रू, बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार चौकटीशी कायमचं नातं जोडतं, आणि तुम्ही नसताना वादळाची झडपं लावायला एक भरवशाचा राखणदार. मालमत्ताकर त्या मानाने नगण्य असतो. वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरला तर पालिका सूटही देते. पावती बँकेच्या नावे निघते.