लेझर ठीक, पण कूस कोण बदलणार?
कुत्र्यांच्या लेझर उपचारावरच्या या लेखात म्हटलंय लेझरने त्यांचे बेडसोअर (सतत एका कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) लवकर भरतात, मदत होत असेलही पण वाचून वाटतं मशीन फिरवलं की झालं काम, तसं नसतं हो. आमचा ब्रूनो, लॅब्रॅडोर कुत्रा, १३ वर्षांचा, मागचे पाय गेले आणि महिन्याभरात कमरेच्या हाडावर रुपयाएवढी जखम, कडेचे केस गळलेले, मधे ओलं लाल मांस, वास तर विचारूच नका. डॉक्टरांनी आधी केस कापले, सलाइनने धुतलं, मग लेझर, आठवड्यातून ३ वेळा, दरवेळी ५-७ मिनिटं. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशाने पेशींना ऊर्जा मिळते, सूज अन् दुखणं कमी होतं असं ते म्हणाले. त्याला पण गॉगल आणि आम्हाला पण, फोटो बघून अजून हसतो सगळे. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, तिसऱ्यात कडेने गुलाबी कातडी धरायला लागली.

पण खरी मेहनत घरी, दर २-३ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, मी आणि आई आळीपाळीने अलार्म लावून, शिवाय जाड फोमची गादी, लघवी झाली की लगेच पुसणं. एकदा लग्नाला गेलो, तो ६ तास एकाच कुशीवर पडून राहिला आणि जखम परत ओली.

आणि कॅन्सरची गाठ असेल तिथे लेझर मारत नाहीत, हे लेखात यायला पाहिजे होतं राव. मांजरीला कोणी दिलंय का? बहिणीची मनी टेबलावर २ मिनिटं पण थांबत नाही.