डेल्फीला जाताय? मग त्या भिंतीपाशी थांबा

ग्रीसला जाऊन आलेल्या आपल्या लोकांचे फोटो बघते तेव्हा डेल्फीचे फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. अपोलोच्या देवळाचे सहा खांब, वरून काढलेलं थिएटर, तो थोलोस म्हणजे गोल देऊळवजा इमारत, आणि खाली लिहिलेलं असतं की इथे पिथिया नावाची पुजारीण भविष्य सांगायची आणि राजेमहाराजे तिला विचारायला यायचे. सगळं खरंच आहे, जागा सुंदर आहेच, मागे पार्नासोसचे उभे कडे आणि खाली दरीभर ऑलिव्हची झाडं पार समुद्रापर्यंत, कोणालाही फोटो काढावासा वाटेल. पण माझं स्पष्ट मत आहे की डेल्फीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्या सहा खांबांच्या खाली आहे. देवळाचा चौथरा ज्या भिंतीने तोलून धरलाय ती भिंत. आणि तिच्यासमोरून लोक पाण्याची बाटली उघडत पुढे चढून जातात, थांबतच नाहीत, कारण थांबा असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

इ.स.पू. 548 मध्ये तिथलं जुनं देऊळ जळालं. नवीन मोठं बांधायचं तर डोंगर उतारावर सपाट जागा पाहिजे, म्हणून ही भिंत घातली आणि मागे भराव केला. दगड चौकोनी नाहीत, एकही दुसऱ्यासारखा नाही, कडा वळणावळणाच्या आणि तरी एकमेकांत घट्ट बसलेले, चुना वगैरे काही नाही. हा भूकंपाचा प्रदेश आहे, इ.स.पू. 373 च्या भूकंपात वरचं देऊळ पडलं, भिंत राहिली. बांधकामात रस असलेली माणसं एवढ्यावरच खूश होतात. पण दोरी लावलीय तिथपर्यंत जवळ जा आणि ऊन तिरकं असेल तर नीट बघा, दगडांवर मुंग्यांच्या रांगांसारखी अक्षरं आहेत, एक ओळ दुसरीला चिकटून, दगडाची कड आली की तिच्याबरोबर ओळही वळते, एक लेख संपतो तिथे लगेच दुसरा सुरू. या एका भिंतीवर असे साधारण आठशे लेख आहेत आणि त्यातले बहुतेक गुलामांच्या सुटकेचे आहेत.

हे मी आधी वाचून गेले होते, तरी प्रत्यक्ष बघताना पायातलं बळ गेलं.

ही सुटका व्हायची कशी ते समजून घ्या, कारण ते फार विलक्षण आहे. गुलामाला कायद्याने करार करता येत नाही, तो स्वतःच मालमत्ता, मग तो स्वतःला विकत कसा घेणार? म्हणून मध्ये देव आणायचा. मालक गुलामाला अपोलोला विकतो. किंमत ठरते, साधारण तीन ते पाच मिना (मिना हे तेव्हाचं पैशाचं माप), तेव्हाच्या मानाने मोठी रक्कम, आणि ती बहुतेक वेळा त्या गुलामानेच साठवलेली किंवा कुठून तरी उभी केलेली असते. व्यवहार कागदोपत्री देवाशी होतो आणि माणूस सुटतो. मग हे सगळं भिंतीवर कोरायचं, त्या वर्षीचा अधिकारी कोण, महिना कोणता, विकणारा कोण, गुलामाचं नाव, तो कुठला, थ्रेसचा की सीरियाचा की घरातच जन्मलेला, किंमत, जामीनदार, साक्षीदार. आणि शेवटी एक कलम असतं की या माणसाला कोणी पुन्हा धरायला आलं तर समोर असेल त्या कोणीही मध्ये पडून त्याला सोडवावं, सोडवणाऱ्यावर दंड नाही.

म्हणजे भिंतीवर कोरणं ही शोभा नव्हतीच. तो त्या माणसाचा पुरावा होता. उद्या कोणी हात धरून ओढत न्यायला लागलं तर दाखवायला, की बघा, अपोलोच्या देवळाखाली माझं नाव आहे.

आणि या सुटलेल्यांमध्ये बायका जास्त आहेत. हे वाचून बरं वाटतं तोच पुढचं कलम येतं. बऱ्याच करारांमध्ये अट असते की सुटका झाली तरी मालक किंवा मालकीण जिवंत आहे तोपर्यंत हिने त्यांच्याकडेच राहायचं, सांगतील ते काम करायचं, नाही केलं तर त्यांना शिक्षा करायचा हक्क. पैसे भरलेत, देव साक्षीला आहे, नाव दगडावर आहे, आणि तरी संध्याकाळी त्याच घरात परत. काही लेखांत तर तिने सुटकेच्या बदल्यात आपलं मूल त्या घराला द्यायचं अशीही अट आहे. लोकशाही, तत्त्वज्ञान, सौंदर्यदृष्टी या सगळ्यासाठी आपण ग्रीकांचं कौतुक करतो, मीही करते आणि मनापासून करते, पण ज्यांच्या कष्टावर ते सगळं चाललं होतं त्यांची नावं एवढ्या संख्येने एका जागी वाचायला मिळतात अशा जागा जगात फार थोड्या आहेत. त्यांच्यासमोर पाच मिनिटंही न थांबणं मला चुकीचं वाटतं.

या भिंतीपायी एक माणूस गेलासुद्धा. कार्ल ओटफ्रीड म्युलर नावाचा जर्मन विद्वान 1840 च्या उन्हाळ्यात इथे आला होता, भर उन्हात हे लेख उतरवून घेत बसायचा, तिथेच कोसळला आणि अथेन्सला नेल्यावर 1 ऑगस्टला वारला. चाळिशी नुकतीच पार केलेली. तेव्हा तर डेल्फी आजच्यासारखं मोकळंही नव्हतं, या सगळ्या अवशेषांवर कास्त्री नावाचं गाव वसलेलं होतं, घरं, गोठे, अंगणं. पुढे 1892 मध्ये फ्रेंचांनी मोठं उत्खनन सुरू केलं त्याच्या आधी ते आख्खं गाव उचलून जवळच पश्चिमेला हलवावं लागलं. आज आपण ज्या डेल्फी गावात हॉटेल घेतो, कॉफी पितो, ते हेच हलवलेलं गाव. (विस्थापन हा विषय आपल्याला काही नवा नाही, कोयनेच्या लोकांना विचारा.)

आता म्युझियम. साइटला लागूनच आहे, चालत काही मिनिटं, आणि माझ्या मते कुठल्याही प्राचीन जागेचं म्युझियम असंच पाहिजे, वस्तू जिथे सापडली तिथून हाकेच्या अंतरावर. आधी साइट बघा, मग म्युझियम, उलटं नको. कारण नॅक्सोस बेटाचा स्फिंक्स (बाईचं डोकं, सिंहाचं अंग) जेव्हा समोर येतो तेव्हा तुम्ही तासाभरापूर्वीच त्याची जागा बघितलेली असते, त्याच भिंतीजवळ, एका खूप उंच खांबावर तो बसलेला होता हे डोळ्यासमोर उभं राहतं. सिफ्नोसच्या कोषागारावरचा (कोषागार म्हणजे देवाला दिलेल्या भेटी ठेवायची छोटी इमारत) देव-राक्षसांच्या लढाईचा पट बघताना त्याचा उरलेला पाया आठवतो. सिफ्नोस हे एवढंसं बेट, सोन्याचांदीच्या खाणी लागल्या म्हणून त्यांनी हा थाट केला, आणि पुढे त्या खाणीत समुद्राचं पाणी शिरलं असं पॉसेनियस हा प्राचीन ग्रीक प्रवासलेखक सांगतो.

पण म्युझियममध्येसुद्धा मी हेच सांगेन की लिहिलेले दगड बघा. अथेन्सच्या कोषागाराच्या भिंतीवर कोरलेली अपोलोची दोन स्तोत्रं तिथे आहेत, आणि शब्दांच्या वर स्वरांच्या खुणा आहेत. नोटेशन! इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, दगडावर. ज्यांनी लहानपणी भातखंड्यांच्या पुस्तकातून बंदिशी उतरवल्यात त्यांनी तर तिथे थांबायलाच पाहिजे. 1893 मध्ये हे सापडलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसला ज्या परिषदेत आधुनिक ऑलिंपिक सुरू करायचं ठरलं तिथे त्यातलं पहिलं स्तोत्र गायलं गेलं. आमच्या समोरून एक ग्रुप त्या शिळांकडे मान न वळवता सारथ्याच्या प्रसिद्ध पुतळ्याकडे गेला, गाइडने घाई केली होती, बस सुटणार होती.

सारथी बघायचाच, त्याबद्दल वाद नाही. ब्राँझचा, 1 मीटर 80 सेंटिमीटर उंच, 1896 मध्ये सापडला. तांब्याच्या पापण्या अजून जागेवर आहेत, एकेक केस वेगळा. पण खाली वाका आणि पावलं बघा. तो रथात उभा असायचा, म्हणजे पावलं कोणालाच दिसणार नव्हती, आणि तरी बोटं, नखं, शिरा सगळं केलंय. मी त्या पावलांसमोर बराच वेळ होते, तिथल्या बाईंनी शेवटी हसून मान हलवली. आणि त्याच्या चौथऱ्याच्या दगडावरचा लेखही बघा. पॉलिझालोस नावाच्या सत्ताधाऱ्याने हे अर्पण केलं असं त्यात आहे, पण पहिली ओळ खोडून पुन्हा कोरलीय, आधी तिथे जेला शहराच्या राजाचा उल्लेख होता. सिसिलीतल्या त्या हुकूमशहांचे दिवस भरल्यावर तो नकोसा झाला असावा असं मानतात.

खाडाखोडीची आणखी भारी गोष्ट बाहेर आहे. ग्रीकांनी पर्शियनांना प्लाटिआच्या लढाईत हरवल्यावर, म्हणजे इ.स.पू. 479 नंतर, लुटीच्या पैशातून तीन सापांच्या पिळाचा ब्राँझचा स्तंभ इथे उभारला. स्पार्टाच्या सेनापतीने त्या अर्पणावर स्वतःच्याच विजयाच्या ओळी कोरल्या, तर स्पार्टाच्याच लोकांनी त्या खरवडून काढल्या आणि लढलेल्या सगळ्या शहरांची नावं घातली. एकाचं नाव पुसून एकतीस नावं! मूळ स्तंभ पुढे कॉन्स्टंटाइनने आपल्या राजधानीत नेला, आज तो इस्तंबूलमध्ये आहे, डेल्फीत जागेवर प्रतिकृती उभी आहे.

त्यामुळे मला भविष्यवाणीच्या गोष्टी डेल्फीचा गाभा वाटत नाहीत. प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक लेखक स्वतः इथे पुजारी होता आणि तो लिहितो की त्याच्या काळात लोक काय विचारायचे, तर लग्न करू का, प्रवासाला निघू का, कर्ज देऊ का. बाकी जगभर तेच विचारतात. इथे वेगळं काय झालं तर माणसांनी आपलं म्हणणं दगडावर लिहून सगळ्यांच्या डोळ्यासमोर ठेवलं. आणि ते किती लांब गेलं बघा, क्लेआर्खोस नावाच्या माणसाने डेल्फीतली नीतिवचनं काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि थेट अफगाणिस्तानात, अमू दर्याच्या काठच्या आय खानुम शहरात नेऊन कोरून ठेवली. तो दगड सापडलाय. तिथून आपण फार लांब नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवरचे लेख ज्यांनी वाचलेत त्यांना माहितीये, धेनुकाकटच्या यवनांनी (ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत) खांब दान दिल्याचं तिथे नावानिशी कोरलंय. एकविरेला जाताना हजारो माणसं त्या लेण्याच्या दारावरून जातात, आणि आत खांबांकडे मान वर करून बघणारे किती असतात ते तुम्हीच सांगा.

तर जाणाऱ्यांसाठी. अथेन्सहून एका दिवसात जाऊन यायची टूर घेऊ नका, साधारण 180 किलोमीटर आहे, येण्याजाण्यातच दिवस जातो आणि साइटवर जेमतेम दीड-दोन तास हातात येतात. केटीईएलची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बससेवेची, साधी बस जाते, ती पकडा, एक रात्र गावात राहा, सकाळी गेट उघडताना आत शिरा, स्टेडियमपर्यंत ऊन चढायच्या आत जाऊन या, उतरताना भिंत आणि मग म्युझियम. भिंतीसमोर अथेन्सच्या स्टोआचे (खांबांच्या ओसरीचे) तीन बारके पांढरे खांब उभे आहेत, तीच खूण.

आणि साइट सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, ती मी त्यांनाही लिहून कळवणार आहे. भिंतीपाशी एका तरी लेखाचं पूर्ण भाषांतर लावा. माहितीचा परिच्छेद नको, लेखच द्या, तिचं नाव, ती कुठली, तिची किंमत, तिच्यावरची अट, साक्षीदार कोण, आणि ते कलम, की हिला कोणी धरलं तर कोणीही सोडवावं.