व्हिटॅमिन डीची पुडी रोज घ्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. "व्हिटॅमिन डी म्हणजे काय औषध नाही, 60,000 युनिटची पुडी रोज दुधातून घ्या, गुडघे मोकळे होतात, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्याला कधी काही झालंय का?" आमच्या मावशीने हे ऐकलं होतं म्हणून एकेक लिहितोय.

लघवीचं म्हणाल तर ते बी नि सी ला लागू पडतं, ती पाण्यात विरघळतात. डी चरबीत विरघळतं आणि अंगात साठून राहतं, पुडी बंद केली तरी लेवल उतरायला कित्येक आठवडे जातात.

रोज एक? अहो ही पुडी कमतरता असेल तर सहसा आठवड्यातून एकदा, 8 आठवडे, अशी लिहून देतात. मोठ्या माणसाला रोज 600 युनिटच्या आसपास लागतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय 4,000 च्या वर जाऊ नये. म्हणजे रोज पुडी घेतली की मर्यादेच्या 15 पट. त्यात डी जेमतेम दीड मिलिग्रॅम, गोड लागते सरबतासारखी, त्यामुळे कुणाला भीतीच वाटत नाही.

उन्हाचा मुद्दा पटकन पटतो, पण कातडी स्वतःच आवर घालते, ऊन जास्त झालं की जादाचं तिथल्या तिथे त्याच उन्हाने मोडून जातं. तोंडाने घेतलेल्याला असा ब्रेक नाही. मग आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतं, हाडातलंही सुटायला लागतं आणि सगळा भार येतो किडनीवर.

मावशीने दोन महिने रोज घेतली. चिठ्ठीवर आठवड्यातून 1 असं स्पष्ट होतं, मेडिकलवाला म्हणाला रोज चालतं. आधी सारखी तहान, रात्री पाच-पाचदा उठणं, पोट साफ नाही, मग उलट्या, आणि एक दिवस चहाचा कप हातात धरून मला विचारते, तू कुणाचा रे? आम्हाला वाटलं वय झालं. रक्तातलं कॅल्शियम निघालं 14, नॉर्मल साधारण साडेदहापर्यंत असतं, क्रिएटिनिनपण (किडनी नीट चालते का ते दाखवणारा आकडा) वाढलेलं. आठ दिवस सलाईनवर होती.

गुडघ्यांचं थोडक्यात, कमतरतेमुळे हाडं-स्नायू दुखत असतील तर डीने फरक पडतो, झिजलेला गुडघा पुडीने भरून येत नाही.

कमतरता आपल्याकडे भरपूर आहे, डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका. पण घरात कोणी रोज घेत असेल तर आजच रिकाम्या पुड्या मोजा, घेणं थांबवा आणि डीसोबत कॅल्शियम नि क्रिएटिनिन तपासून घ्या.